हिंदू जेवण आणि खारी जांभळं

विमानात जेवण मिळतं, ही बातमी माझ्या सासूबाईंनी बीदरजवळच्या आमच्या नौबादच्या निम्म्या गल्लीत पोचवली होती. "बसल्या जागी वाढतेत बघा, पंगतीवानी. उठायचंच न्हाई." शेजारणी तोंडाला पदर लावून हसायच्या आणि विचारायच्या, "आन् हात कुठं धुवायचा?" यावर सासूबाईंचं एकच उत्तर, "ते तिथं गेल्यावर कळंल."

आम्ही चौघं निघालो होतो. मी, सासूबाई, आठ वर्षांची लेक आणि साडेतीन वर्षांचा मुलगा. नवरा नोकरीसाठी फ्रँकफर्टला जाऊन बरेच महिने झाले होते. लेकीची परीक्षा आटोपली की आम्ही कायमचं त्याच्याकडे जायचं, आणि घडी बसेपर्यंत सासूबाईंनी तीन महिने सोबत राहायचं, असं ठरलं होतं. तोवर मी बीदरच्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये काम करत होते. रक्त द्यायला लोक सकाळी उपाशीपोटी येतात, त्यामुळे मला उजाडता उजाडता घर सोडावं लागे. धाकट्याचं खाणंपिणं म्हणून पहिल्यापासून सासूबाईंच्या हातात. हातात म्हणजे अगदी हातातच. तो त्यांच्या हातूनच जेवायचा. वरणात भाकरी कुस्करून त्या लहान लहान घास करत, ताटाच्या कडेला रांगेनं मांडत आणि बस सोडत. "निघाली गाडी नौबादहून. आली हुमनाबादला. आ कर, अप्पा. आता राजेश्वर. आता बसवकल्याण, उतरा." बसवकल्याण आलं की ताट रिकामं. आमच्याकडे लहान पोराला लाडानं अप्पा म्हणतात, आणि हा अप्पा माझ्या हातचा घास आला की दात घट्ट मिटून घ्यायचा.

तिकिटं नवऱ्यानं तिकडून काढली. जेवणाचं काम मात्र धाकट्या दिरांकडे आलं. त्यांचं भालकीला बी-बियाणांचं दुकान आहे, आणि मोबाइलवर काही करायचं म्हटलं की अख्खं घर त्यांच्याकडे धावतं. एका रविवारी ते येऊन बसले आणि मोबाइल डोळ्यांजवळ धरून वाचायला लागले.

"वहिनी, लेकरांचं जेवण वेगळं हाय. त्यात खेळणं बी देतेत म्हणं. दोघांचं टाकतो."

"टाका. आणि आत्याबाईंचं?" सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते, दीर अव्वा.

"अव्वाचं जरा अवघड हाय. व्हेजमधीच चार-पाच प्रकार दावायलाय. एकात दूध न्हाई, एकात समदं कच्चं, एक जैन." मग त्यांचा चेहरा उजळला. "हे बघा. हिंदू मील! आपण कोण?"

आतून सासूबाई ओरडल्या, "हिंदूच की. आनि काय इचारायलास?"

दिरांनी बोट टेकवलं. मी म्हटलं, माझंही तेच टाका. मलाही त्यात काही खटकलं नाही, हे सांगितलं पाहिजे. नाहीतर सगळं त्यांच्यावर जाईल.

सासूबाईंनी कमठाण्याच्या शेतातल्या शेंगांची चटणी कुटली होती, दशम्या केल्या होत्या, कडक भाकरीची चळत बांधली होती. हैदराबादच्या विमानतळावर सामान देताना दीर म्हणाले, "हे वर कशाला वागवता? विमानात जेवण हायच की." आणि तो डबा मोठ्या बॅगेत घालून त्यांनी तो विमानाच्या पोटात रवाना केला. आम्ही हात हलवत आत गेलो.

आखाती देशात विमान बदलायचं होतं. पहिलं विमान सकाळचं, चार तासांचं. मधल्या रांगेतल्या चारही जागा आमच्या. एका टोकाला सासूबाई, मग धाकटा, मग लेक, दुसऱ्या टोकाला मी. सासूबाईंच्या पलीकडे चालायची वाट, आणि वाटेच्या पल्याड एक बुरखा घातलेल्या, सासूबाईंच्याच वयाच्या बाई. विमान वर चढत होतं तेव्हा दोघींनीही खुर्चीचे हात घट्ट धरले होते. विमान सरळ झाल्यावर दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि एकदम सुस्कारा सोडला. ओळख व्हायला तेवढं पुरलं. त्या बाई कलबुर्गीच्या निघाल्या, मुलीच्या बाळंतपणाला चालल्या होत्या. सासूबाईंची दखनी उर्दू निजामाच्या काळातल्या त्यांच्या आईकडून आलेली. पाच मिनिटांत दोघींनी दोन्ही गावांतल्या डाळींचे भाव काढले.

मग जेवण आलं. पण सगळ्यांना नाही, फक्त मुलांना. हे मला माहीत नव्हतं. मुलांचं जेवण सगळ्यांत आधी येतं. आईबापांचं मागून, आणि तोवर मुलाचं खाऊन, सांडून, "शूला जायचंय" म्हणून झालेलं असतं. तुमच्या पुढ्यात ताट येतं तेव्हा मांडीवर मूल असतं. चौघांनी मिळून जेवायचं असं जे चित्र मी मनात रंगवलं होतं ते तिथंच बारगळलं.

डबे मोठे सुरेख होते. रंगीत खोका, आत चित्रं रंगवायचे खडू, चॉकलेट, बटाट्याच्या कापांची पुडी, दह्याची चिमुकली वाटी. मधोमध चंदेरी झाकणाचं गरम ताट. लेकीनं सराईतासारखं सगळं मांडून घेतलं आणि चॉकलेटपासून सुरुवात केली. धाकट्याचं झाकण सासूबाईंनी उघडलं. आत पांढऱ्या दाट रसात मॅकरोनी होती.

धाकटा वाकून पाहू लागला. मग मागे सरकला आणि विमानभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "अज्जी! अळ्या!"

पुढच्या रांगेत आपल्या मुलाला भरवणाऱ्या एका गृहस्थांनी चमचा खाली ठेवला.

"अळ्या न्हाईत रे, अप्पा," सासूबाई म्हणाल्या. पण त्यांचाही आवाज फार खात्रीचा नव्हता. त्यांनी काट्यानं एक तुकडा उचलला, उजेडात धरला, फिरवून पाहिला. "ह्या शेवया हायत. जरा जाड हायत." मग त्यांनी बस सोडली. "निघाली गाडी नौबादहून..."

"अज्जी, हे विमान हाय. बस न्हाई."

गाडी नौबादलाच थांबली. धाकट्यानं बटाट्याचे काप खाल्ले, दही नाकाला लावलं आणि जेवण संपल्याचं जाहीर केलं.

तेवढ्यात आमची दोघींची ताटं आली. गाडा अजून पार पुढं होता, पण आधी सांगून ठेवलेली जेवणं हातातून आणून देतात. हवाई सुंदरीनं झाकणावरची चिठ्ठी वाचली, आमच्या जागेचा आकडा पाहिला आणि "हिंदू मील" असं हसून म्हणाली. सासूबाईंनी तिला हातानं थांबायची खूण केली. आम्ही लिंगायत, त्या गळ्यात इष्टलिंग घालतात. जेवणाआधी ते तळहातावर घेऊन डोळे मिटायचे, कपाळाला विभूती लावायची, मगच घास, हा त्यांचा नेम. त्यांनी नातीला पाण्याचा पेला धरायला दिला, चांदीची डबी उघडली आणि डोळे मिटले. ती पोरगी ताट घेऊन तशीच उभी राहिली. मागून कुणाला तरी जायचं होतं, तोही उभा राहिला. विमानाच्या घरघरीत माझ्या सासूबाईंचे ओठ हलत होते आणि चार माणसं वाट पाहत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. त्यांना नाही.

डोळे उघडून त्यांनी दोन्ही हातांनी ताट घेतलं, "जेव बाई तू बी," असं त्या पोरीला सांगितलं आणि झाकण सोललं.

भाताशेजारी तांबूस रस्सा, रश्शात तुकडे. मी लांबूनच ओळखलं. तिकडे वाकून म्हटलं, "आत्याबाई, थांबा. हात लावू नका."

"कामून?"

"ते कोंबडीचं आहे."

त्यांनी ताटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मला वाटलं, आता काहीतरी होणार. मी घंटेचं बटण दाबलं. ती पोरगी परत आली, आणि तिनं हिंदीत फार गोड समजावलं. हिंदू मील म्हणजे शाकाहारी नव्हे. गाईचं मांस खात नाहीत पण बाकी खातात, अशा लोकांसाठी ते असतं. शाकाहारी हिंदूंचं वेगळं नाव आहे, ते सांगायला हवं होतं. आता गाडा शेवटच्या रांगेपर्यंत जाऊन आला आणि त्यात शाकाहारी काही उरलं, तर ती आणून देईल. हैदराबादच्या विमानात शाकाहारी आधी संपतं, असंही ती प्रामाणिकपणे म्हणाली.

मी सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या शांतपणे झाकण परत बसवत म्हणाल्या, "पोरीचं काय चुकलं? आपणच तसं लिहून दिलं." मग थोडं थांबून, "भालकीला फोन लागतो का हितून?"

वाटेच्या पल्याडून आवाज आला. "क्या हुआ जी? गोश आया क्या तुमना?"

"हौ ना, अम्मा. मुर्गी आई."

त्या बाई हसू लागल्या. बुरख्याआड खांदे हलत होते. त्यांच्या मुलानं, विमानातलं मटण-मुर्गी चालण्यातलं आहे की नाही याची खात्री नाही म्हणून, त्यांच्यासाठी शाकाहारी सांगून ठेवलं होतं. चढल्यावर त्यांना कळलं की या विमानात सगळं हलालच असतं. आणि आता त्या आपल्या बंद ताटाकडे बघत बसल्या होत्या. "मेरे कू भाजी आई," त्या म्हणाल्या, "और दिल तुम्हारे पिलेट पो है."

ताटं वाटेवरून इकडची तिकडे झाली. मी नुसती बघत राहिले. घरी सासूबाई शेजारच्या घरचं पाणीसुद्धा विचार करून पितात. त्यांना माझा चेहरा दिसला असावा. फ्लॉवर-बटाटा भातात कालवत त्या मला मराठीत म्हणाल्या, "काय बघायलीस? समदं एकाच गाड्यातून आलंय. झाकण बी उघडलं न्हवतं."

"कैसा है जी?" पल्याडून विचारणा झाली.

"नमक कम है. तुम्हारा?"

"इसमें भी नमक नै."

विमानात कुठल्याच जेवणाला चव लागत नाही, वर गेल्यावर जिभेचंच काहीतरी होतं, असं माझ्या लेकीनं कुठंसं वाचलं होतं. ते तिनं दोघींना समजावून सांगितलं. दोघींचाही विश्वास बसला नाही. मीठच कमी आहे यावर त्यांचं एकमत झालं आणि कागदी पुड्यांतलं मीठ त्यांनी वाटून घेतलं. मी माझं कोंबडीचं ताट न उघडता परत दिलं आणि धाकट्याच्या अळ्या खाल्ल्या. चीजचा उग्र वास सोडला तर वाईट नव्हत्या. लहान मुलांबरोबर प्रवास करणाऱ्या आईचं जेवण म्हणजे मुलांनी टाकलेलं, हे घरी जसं तसंच तीस-पस्तीस हजार फुटांवर. गाडा परत आला तेव्हा त्यात शाकाहारी खरंच काही उरलं नव्हतं. त्या पोरीनं मला दोन पाव, लोणी आणि एक केळं आणून दिलं.

हात धुण्याचा प्रश्नही सुटला. ओला कागदी रुमाल मिळाला. सासूबाईंनी त्यानं हात पुसले, हुंगले आणि म्हणाल्या, "धुतल्यासारखं वाटत न्हाई."

आखाती विमानतळावर कलबुर्गीच्या बाई उतरल्या. दोघींनी एकमेकींचे हात धरले. नाव-पत्ता कुणीच विचारला नाही.

दुसऱ्या विमानात मी शहाणी झाले होते. बसल्या बसल्या तिथल्या मुलीला सांगितलं, आमचं हिंदू मील नको, शाकाहारी असेल ते द्या. तिनं दोन ताटं आधीच बाजूला काढून ठेवली. एवढं सोपं होतं ते. पण या विमानात दुसरंच आलं. सासूबाईंचे कान दुखायला लागले, मग डोकं. त्यांनी गोळी घेतली, चार घास खाल्ले आणि शाल ओढून गाढ झोपल्या. धाकटा त्यांच्याआधीच झोपला होता. त्याचं जेवण आलं तेव्हा त्याला हलवून पाहिलं, तो उठेना. "गरम ताट फार वेळ ठेवता येत नाही," ती मुलगी इंग्रजीत म्हणाली, "पण पाव, दही, फळं तुमच्याजवळ ठेवा. उठला की मला सांगा, काहीतरी बघते." मी ते सगळं पुढच्या खिशात कोंबलं.

तो उठला तेव्हा खिडक्यांबाहेर लख्ख दुपार होती. ऊन आमच्याबरोबरच पश्चिमेला चाललं होतं. उठला तोच भुकेनं पेटलेला. "अज्जी!"

"अज्जीला बरं वाटत नाही, राजा. झोपू दे. मी चारते."

"तू न्हाई."

"बघ, दही आहे. पाव आहे."

"तू न्हाई! अज्जी!"

आणि त्यानं भोकाड पसरलं. मी पाव पुढं केला, त्यानं उडवला. लेकीनं आपल्या खोक्यातला खडू देऊ केला, तोही उडवला. डावीकडच्या एका गोऱ्या आजोबांनी मान वळवून पाहिलं, रागानं नव्हे, पण पाहिलं. सासूबाईंची पापणी हलली. मला आतून वाटत होतं, उठवावं त्यांना. एक हाक, आणि हा गप्प होईल. पण तीन महिन्यांनी त्या जाणार होत्या. मग कुणाला उठवणार होते मी? लेकीला म्हटलं, "तू अज्जीजवळ बस," त्याला कडेवर घेतलं, दह्याची वाटी उचलली आणि मागे चालत गेले.

विमानाच्या शेपटाकडे पडद्यामागं त्यांचं स्वयंपाकघर असतं. स्वयंपाकघर म्हणजे भिंतभर लोखंडी कपाटं, प्रत्येकाला खिट्टी, आणि उभं राहायला जेमतेम जागा. मघाची ती मुलगी तिथं उभ्यानंच आपलं जेवत होती. तिलाही बसायला मिळत नव्हतं. मी माफी मागून मागे फिरायला लागले, पण तिनं हात धरून आत घेतलं. धाकटा रडत रडत कपाटं बघू लागला. तिनं एक खिट्टी फिरवली, एक कपाट खणासारखं बाहेर ओढलं. आत ताटांवर ताटं. त्याचं रडणं अडखळलं.

"ह्यात काय हाय?" त्यानं विचारलं. मराठीत.

तिनं तिच्या भाषेत काहीतरी लांबलचक उत्तर दिलं. ती भाषा इंग्रजी नव्हती, हिंदीही नव्हती. त्याला ते पुरेसं वाटलं.

"आन् ह्यात?"

तिनं तेही उघडून दाखवलं. मग आपल्या ताटातलं एक काळं, गुळगुळीत फळ काट्यावर घेऊन तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. ऑलिव्ह मी स्वतः तोवर खाल्ला नव्हता. हा थुंकणार, हे ठरलेलंच. पण तिचा पुढं आलेला हात तसाच मागे लावणं बरं दिसत नव्हतं. त्यानं तोंड उघडलं. चावलं. डोळे मोठे केले.

"आई," तो म्हणाला, "खारं जांभूळ!"

आणि तोंड परत उघडलं. "अजून."

तिनं दुसरं दिलं. "अजून." तिसरं. चौथ्या वेळी तिनंच भुवया उंचावून विचारलं, "अजून?" आणि तो इतक्या जोरात हसला की पडद्याबाहेरून कुणीतरी डोकावलं. तिनं कपाटातून आणखी एक वाटी काढली. मी पाव कुस्करला, दह्यात कालवला, मीठ घातलं. एक घास दह्याचा, एक खारं जांभूळ, असा सौदा मी करून पाहिला. तो कपाटं मोजण्यात इतका गुंग होता की घास कुणाच्या हातचा हे त्यानं बघितलंच नाही. दुसरा घास त्यानं बघून घेतला. माझ्या बोटांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि घेतला. मी पुढचा घास करायला घेतला. बोलले असते तर तो थांबला असता.

वाटी संपली. मी उभीच होते, कंबर भरून आली होती, कुर्त्यावर दही होतं. ती मुलगी म्हणाली, तिलाही एक मुलगा आहे, गावाकडे आईजवळ असतो. तेवढंच. मग कुठंतरी घंटा वाजली आणि ती तोंड पुसून निघून गेली.

उतरायची घोषणा झाली तेव्हा सासूबाई दचकून उठल्या. पहिलाच प्रश्न, "अप्पा जेवला का?"

"जेवला."

"कुणी चारलं?"

"मी."

त्यांनी त्याच्या पोटावर तळवा ठेवून दाबून पाहिलं, दवाखान्यात डॉक्टर बघतात तसं. खरंच भरलेलं होतं. "काय खाल्लं?" मी सांगितलं.  शालीची घडी घालत त्या म्हणाल्या, "मला उठवायचं होतंस." आणि पुन्हा थोड्या वेळानं, झालेली घडी मोडून परत एकदा घालत, "बरं झालं न्हाई उठवलंस ते."

नवरा फुलं घेऊन उभा होता. घरी त्यानं खिचडी करून ठेवली होती, खाली लागलेली. मोठ्या बॅगेतून दशम्या निघाल्या, शेंगांची चटणी निघाली, आणि आम्ही जमिनीवर बसून, मध्ये कागद पसरून जेवलो. मीठ बरोबर होतं.

त्यानंतर धाकटा माझ्या हातानं लगेच जेवायला लागला असं नाही. काही दिवस जेवला, काही दिवस दात मिटले. सासूबाई मुद्दाम जेवणाच्या वेळी खाली बागेत जाऊन बसायच्या आणि वर खिडकीकडे बघत राहायच्या. ऑलिव्ह मात्र त्याला रोज लागायचे. पहिल्यांदा बाटली उघडली तेव्हा सासूबाईंनीही एक चाखून पाहिला आणि कागदात गुंडाळून टाकला.

तीन महिन्यांनी त्या एकट्याच परत गेल्या. जेवणाचं मी स्वतः लिहून दिलं, योग्य नावानं, आणि दोनदा तपासलं. दुसऱ्या दिवशी नौबादहून फोन आला.

"जेवण नीट मिळालं का, आत्याबाई?"

"मिळालं. राजमा होता, भात होता. निम्मं थंड झालं पर."

"का बरं? उशिरा दिलं का?"

"न्हाई गं. बाजूला एक पोरगी होती, मांडीवर लेकरू. तिचं ताट तसंच पडलेलं. मी म्हणलं, दे हिकडं, तू जेव आधी. त्याला भात चारला."

"कुठली होती ती? काय बोलायची?"

"काय म्हाईत, बाई," सासूबाई म्हणाल्या. "एक अक्षर कळलं न्हाई मला. पर लेकरू पोटभर जेवलं."